पालममधली एकुलती एक कोळंबी

व्यंकटीने ती कोळंबी खाल्ली नव्हती.

असो. हे वाक्य झालंच नाही असं धरून चालू. त्या दुपारी पालममध्ये ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि व्यंकटीच्या सख्ख्या बहिणीला तर अगदी उलटं, आणि पक्कं, ठाऊक होतं.

बहीण म्हणजे पंकजा. मुंबईत समुद्रासमोरच्या एका उंच इमारतीत, जिथे वेटर आधी पदार्थाचं चरित्र सांगतो आणि मग पदार्थ देतो अशा हॉटेलात, तिने बरीच वर्षं स्वयंपाक केला. मग ती थकली आणि गावी आली. विश्रांती म्हणून तिने पालमच्या बसस्टँडमागे, खताच्या दुकानाला लागून, तसंच हॉटेल काढलं. नाव 'लाट'. चार टेबलं, राखाडी भिंती, एक कूलर. लोक यायचे, एवढ्या मोठ्या ताटात एवढंसं का म्हणून विचारायचे, आणि समोरच्या गाड्यावर जाऊन भजी खायचे.

हॉटेल वाचायला एकच रस्ता होता. मुंबईची एक संस्था दरवर्षी 'किनारी महानगर परिसरातील आवर्जून जावी अशी भोजनगृहे' अशी यादी काढते. यादीत नाव आलं की लोक गाड्या करकरून जेवायला येतात. संस्थेकडे याद्या दोनच, एक समुद्राकाठची आणि एक थंड हवेच्या ठिकाणांची. पालम दोन्हीत बसत नव्हतं. मे महिन्यात थंड हवा लिहायला पंकजाचा हात धजेना, म्हणून तिने समुद्र निवडला. गोदावरी तालुक्यातून जाते आणि शेवटी समुद्रालाच मिळते. फक्त देशाच्या दुसऱ्या बाजूला.

संस्थेने काही विचारलं नाही. सरळ परीक्षक पाठवली.

नाव आलं तर हॉटेल राहणार होतं, आणि हॉटेलात व्यंकटी वेटर राहणार होता. नाही आलं तर शटर खाली, आणि व्यंकटी बायकोसकट दसऱ्यानंतर पुन्हा ऊसतोडीला. आता तर तेवढंही थांबायची गरज उरली नव्हती. पंकजाने त्याचा अॅप्रन काढून घेतला होता.

*

विजयमाला परभणीत खाजगी चौकशीचं ऑफिस चालवते. पाटीवर 'गुप्त तपास' असं आहे, पण येणारी सगळी कामं लग्नाआधीची. मुलगा पितो का, मुलगा खरंच नोकरीला आहे का, मुलाचं आधी कुठे काही होतं का. इतक्या वर्षांत तिने इतक्या मुलांची चौकशी केली, की आता बसमध्ये शेजारी कोणी तरुण बसला तरी तिला आपोआप कंटाळा येतो.

त्या दिवशीही ती अशाच एका मुलासाठी पालमला आली होती. मुलगा पीत होता. काम झालं होतं. ती आणि तिचा मदतनीस सिद्धोधन परतीच्या बसची वाट बघत होते, तेवढ्यात पंकजाचा फोन आला. मुंबईत पंकजाचं लग्न ठरताना विजयमालाने तिच्यासाठी एका मुलाची चौकशी केली होती. ते लग्न झालं नाही, म्हणून पंकजाचा तिच्यावर विश्वास होता.

"परीक्षक बाईंचं जेवण चालू आहे," पंकजा फोनवर दबक्या आवाजात म्हणाली. "सात कोर्स आहेत. शेवटच्या कोर्सला ती मला समोर बोलावणार आणि पहिल्याचं विचारणार. तोवर मला कळायला हवं."

"काय कळायला हवं?"

"माझ्या भावाने पाहुण्याच्या तोंडचा घास खाल्ला का."

सिद्धोधनने वकिलीची परीक्षा दिली होती आणि तो स्वतःला जवळजवळ वकील समजायचा. चालता चालता तो म्हणाला, "ताई, घास म्हंजी नेमकी वस्तू काय?"

"बघू," विजयमाला म्हणाली. तिचे गुडघे दुखत होते.

'लाट'च्या पायरीशी एक मांजर पायरीचा दगड मन लावून चाटत होतं. दगड कोरडा ठणठणीत होता. बाजूला खताच्या दुकानासमोर खुर्ची टाकून दत्तराव बसले होते. जागा त्यांचीच. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात घडी घातलेला पेपर. पेपर ते वाचत नव्हते, त्याने डाव्या मांडीवरच्या माश्या हाणत होते.

विजयमालाने पायरीवर पाय ठेवला, तशी दारात एक म्हातारी आडवी आली. डोक्यावर पदर, हातात चांदीचं कडं, सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलेली काटक बाई. ही बानूबाई, पंकजाची आई.

"थांबा जरा उंबऱ्यातच," ती म्हणाली आणि आत गेली.

दोघं उन्हात उभे राहिले. सिद्धोधनच्या मानेवरून घाम ओघळला. म्हातारी बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने परत आली.

"काय न्हाई," ती हिरमुसून म्हणाली. "लेकीच्या हाटेलात धड काईच गावत न्हाई. या."

*

स्वयंपाकघरात पंकजा चिमट्याने एका पानावर दुसरं पान ठेवत होती. मान वर न करता ती बोलत राहिली.

"पहिला कोर्स, 'समुद्राचा घास'. मुंबईहून कोळंबी मागवली. बर्फाच्या खोक्यात परभणीपर्यंत रेल्वेने आली, पुढे एसटीने. पालमला उतरली तेव्हा खोक्यात कोमट पाणी होतं. सगळ्या वाया गेल्या. एक वाचली."

"एकच?"

"एकच. ती मी भाजली आणि ज्वारीच्या भाकरीच्या दोन पापुद्र्यांमध्ये ठेवली. वरून बघितलं तर फक्त भाकरीचा तुकडा दिसतो. चावलं की समुद्र लागतो. मुंबईत यावर लोक टाळ्या वाजवतात."

"आणि शेजारी?"

"छोटं फुलपात्र. टरफलं उकळून गाळलेलं थंड सार. दिसायला पाणी. घास खायचा आणि वर ते प्यायचं."

"फुलपात्र आता कुठाय?"

पंकजाने मोरीकडे बोट दाखवलं. "ताट रिकामं सापडलं, तसंच हेही. रिकामं, पण उभं."

"मांजर," सिद्धोधन विजयमालाच्या कानात म्हणाला. "बाहेर हाय की एक."

"उभं फुलपात्र पिऊन परत उभं ठेवणारं मांजर असेल तर ते मला ऑफिसात हवंय," विजयमाला म्हणाली. "तुझ्या जागी."

*

व्यंकटी मागच्या दाराशी उलट्या बादलीवर बसला होता. अॅप्रनशिवाय तो पुन्हा ऊसतोडीच्या अड्ड्यावरचा दिसत होता.

"म्या ताट आणलं," तो म्हणाला. "टेबलावर ठिवलं तर कूलरच्या वाऱ्यानं भाकर उडायली. म्हून दाराजवळच्या तिवईवर ठिवलं. तेवढ्यात रस्त्याच्या पल्याड आटो थांबला. पाहुणीची बॅग शिटाखाली अडकली हुती, चाकंवाली. ती काढायलो मी. ती तवर चालत हिकडं आली."

"बॅग काढताना दाराकडे तोंड होतं की पाठ?"

"शिटाखाली डोकं हुतं."

"आणि आलास तेव्हा?"

"ती टेबलावर बसलेली. ताट मोकळं. फुलपात्र मोकळं. अक्काला सांगितलं, तर ती म्हनली आधी दुसरं ताट ने. म्या नेलं, ठिवलं. तर पाहुणी ताटाकडं बघायली, माझ्याकडं बघायली आन म्हनली, हे खायचं असतं ना?"

"तू काय म्हणालास?"

"हो म्हनलो. आनिक काय म्हनावं?" त्याने पायाने मातीत रेघ ओढली. "माघारी आलो तर अक्कानं अॅप्रन मागितला."

"सकाळी तू काही बोलला होतास का त्या कोळंबीबद्दल?"

"वास लय चांगला हाय म्हनलो." त्याने मातीतली रेघ पुसली. "तेवढंच माझं चुकलं बघा. गरिबानं वासाचं नाव घेऊ नाई."

सिद्धोधनने मान डोलावली. त्याला वाटलं, हा कबुलीजबाब आहे.

*

दत्तरावांना खुर्चीतून उठायची इच्छा नव्हती, म्हणून विजयमाला त्यांच्याजवळ गेली.

"तुम्ही इथेच होतात?"

"मी हितंच असतो. कुटं जाऊ? जागा माझीच हाय."

"दारातून कोण आत-बाहेर गेलं?"

"कुनी न्हाई. खामखा बखेडा करायलीय तुमची पंकजा. पाहुनी आली. बानूबाई दारात हुती, तिनं घरात घेतली. बस."

"आणखी काही झालं?"

"काय व्हायचंय? पालम हाय हे." त्यांनी पेपरने मांडीवर फटका मारला. "ह्या माश्या तेवढ्या झाल्या. सकाळी धोतर धुतलेलं हाय."

"भिजलं होतं का कशाने?"

"उडालं आसंल पानी. पायरीवर पानी पडतंच."

"पंकजा म्हणते, सकाळी खोकं आलं तेव्हा तुम्हाला कोळंबी बघायची होती."

"बघायची हुती. खायची न्हाई. आज गुरुवार हाय, आन मला सत्तर वर्षांत एवढं लहान जेवन कुनी वाढलेलं न्हाई, ते मी आता कशाला सुरू करू?"

सिद्धोधनने मनातल्या मनात दत्तरावांचं नाव खोडलं. मग त्याला आठवलं, की लिहिलंच नव्हतं.

*

बानूबाई तिवईजवळ जमिनीवर बसली होती. खुर्च्या तिला पसंत नव्हत्या.

"मावशी, तुम्ही इथली कोळंबी घेतली का?"

"कोळंबी म्हंजी काय असतंय?"

"समुद्रातला जीव," सिद्धोधन म्हणाला. "किड्यावानी. मिशा असतात."

"मिशीवाला किडा?" म्हातारीने त्याच्याकडे काळजीने बघितलं. "म्या बघितला बी न्हाई. आन माझं लेकरू बी खात न्हाई आसलं काही. पंकजाला सांगा की. ती तुमचं ऐकती, शिकलेल्याचं."

"पाहुणी आली तेव्हा तुम्ही दारात होतात?"

"व्हते की. बिचारी मुंबईहून रात्रभर रेल्वेत, मग उन्हातानात आटोत. तोंड एवढंसं झालेलं. गोरीपान पोरगी, बसस्टँडवरच्या समद्यांनी टकामका बघितलं आसंल तिला. पहिल्यांदाच आली न गावात."

"मग?"

"मग काय? आत घेतलं. बसली. जेवायलीय." तिने पदर सावरला. "ताई, व्यंकट्याला घालवू नका. त्याची बायको मागल्या हंगामात उसाच्या फडात पडली हुती. आजून कंबर धरून चालती."

विजयमालाने तिवईवरून हात फिरवला. तिवई कोरडी होती. मग ती टेबलाकडे वळली.

परीक्षक बाईंचं नाव अर्पिता. ती पाचव्या कोर्सवर होती. तो कोर्स म्हणजे अंबाडीच्या भाजीचा एक थेंब होता.

"मी इथली व्यवस्था बघते," विजयमाला म्हणाली, आणि त्या क्षणी ते खोटंही नव्हतं. "पहिला कोर्स कसा वाटला?"

अर्पिताने चमचा खाली ठेवला. तीही थकलेली होती. यादीसाठी वर्षभर जेवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तो थकवा. "धाडसी," ती म्हणाली.

"चव?"

"चवीच्या पलीकडचा. मुंबईत आता सगळे याच दिशेला चाललेत, पण इतकं शेवटपर्यंत कोणी गेलेलं नाही."

बाजूला येऊन सिद्धोधनने हात झटकले. "झालं. तिनंच खाल्ली. केस संपली. बस मिळंल आपल्याला."

"बस गेली," विजयमाला म्हणाली. "सगळ्यांना दाराशी बोलव. खुर्ची मला ठेव."

*

शेवटचा कोर्स, शेळीच्या दुधाचा गोठवलेला फेस, टेबलावर गेला आणि अर्पिताने पंकजाला बोलावलं. पंकजाबरोबर सगळेच आले. व्यंकटी आईच्या मागे उभा राहिला. दत्तरावांनी स्वतःची खुर्ची ओढत दारापर्यंत आणली आणि तिथेच बसले.

विजयमालाने पाय लांब केले.

"मी वर्षानुवर्षं एकच काम केलं," ती म्हणाली. "मुलाच्या गावी जायचं आणि विचारायचं, मुलगा कसा आहे. गावात कोणी खोटं बोलत नाही. फक्त जे रोजचं आहे ते सांगत नाहीत. रोज पिणाऱ्याबद्दल विचारलं की म्हणतात, काही नाही हो, चांगला आहे. कारण तो पितो ही त्यांच्या लेखी घटनाच नसते. इथेही तेच झालं."

"काय झालं?" पंकजाने विचारलं.

"आधी फुलपात्र बघ. घासाबरोबर सारही गेलं. चोराला कोळंबी हवी असेल, तर तो पाण्यासारखं दिसणारं काहीतरी पीत कशाला बसेल? आणि पाणी समजून प्यायला असता तर थू थू केलं असतं, कोणीतरी ऐकलं असतं. म्हणजे सार प्यायलं गेलंच नाही. सांडलं. तिवई तर कोरडी आहे. मग सांडलं कुठे?"

बाहेर मांजर पायरी चाटत होतं.

"मे महिन्यात साधं पाणी पायरीवर पडलं तर वाळून जातं, मांजर दगड चाटत बसत नाही. आणि साधं पाणी उडालं म्हणून दत्तरावांच्या नुसत्या डाव्या मांडीवर माश्या बसत नाहीत. दत्तरावांची डावी बाजू पायरीकडे आहे."

दत्तरावांनी धोतर नाकाजवळ नेलं. मग हळूच खाली सोडलं. "गुरुवारी," ते म्हणाले.

"म्हणजे सार कोणीतरी पायरीवर टाकलं, दत्तरावांच्या डोळ्यांदेखत, पाहुणी दारात उभी असताना. तरी दत्तराव म्हणतात काही झालं नाही. बानूबाई म्हणतात काही झालं नाही. जी गोष्ट दोन माणसांच्या समोर होते आणि दोघांनाही झाली असं वाटत नाही, ती चोरी नसते. ती रीत असते."

सिद्धोधन वाकून पायरीचा वास घेऊन आला.

"पाहुणीला मात्र ती रीत माहीत नव्हती. म्हणून तिला ते घडलेलं वाटलं. तिने त्याला धाडसी म्हटलं. चवीच्या पलीकडचं म्हटलं. आणि दुसरं ताट आल्यावर व्यंकटीला विचारलं, हे खायचं असतं ना. पहिला घास तोंडात गेलेला माणूस असं विचारेल का?" विजयमाला म्हातारीकडे वळली. तिचा आवाज जरा खाली आला. "मावशी, आम्ही आलो तेव्हा तुम्ही आम्हाला उंबऱ्यात थांबवून आत काय शोधत होतात?"

"भाकर," बानूबाई म्हणाली.

"कशाला?"

"वोवाळून टाकाया. पहिल्यांदाच आलाव तुमी. नुसतं कसं आत घ्यावं?" ती सगळ्यांकडे बघत म्हणाली, जणू हे विचारायचं तरी काय. "त्या पोरीला तर समदं तयारच हुतं. तिवईवर तुकडा बी हुता, पानी बी हुतं. म्या म्हनलं, पंकजाला मुंबईत राहून बी रीत ध्यानात हाय. बरं वाटलं. तुकडा वोवाळला तिच्या तोंडावरनं, टाकला भायेर, वर पानी टाकलं. मांजरानं लगेच खाल्ला. दृष्ट मोठी हुती म्हनायची."



"आई," पंकजा म्हणाली. "त्यात कोळंबी होती."

"मंग वर ठिवायची. भाकरीत कुनी दडवतंय का काही?"

पंकजा खुर्चीवर बसली. बऱ्याच वर्षांचं उभं राहणं एकदम अंगात आल्यासारखी बसली. खांद्यावरचा अॅप्रन तिने व्यंकटीकडे फेकला.

"टेबल पूस," ती म्हणाली.

"कुटलं?"

"चारी पूस. वासाबद्दल बोललास ना, तर उद्यापासून चव तूच बघायची. मला आता वास येत नाही."

व्यंकटीने अॅप्रन बांधला. गाठ मारायला त्याला जरा वेळ लागला. आई मागून पुढे झाली आणि तिने मारून दिली.

अर्पिता फेस विरघळू देत हे सगळं बघत होती. "म्हणजे तो कोर्स नव्हता?"

"कोर्स होता," पंकजा म्हणाली. "फक्त माझा नव्हता."

"वर्षभरात मी खाल्लेल्यात तो सगळ्यात चांगला होता. खाल्ला नाही म्हणूनच असेल. अन्न समोर आलं, चेहऱ्याभोवती फिरलं, आणि माझ्याकडून काही मत न मागता निघून गेलं. पहिल्यांदा कोणीतरी मला जेवण वाढायच्या आधी मी बरी आहे का ते बघितलं." तिने फोन उपडा ठेवला. "मी नाव सुचवेन."

व्यंकटीचा हात टेबलावर थांबला.

"पण," अर्पिता म्हणाली. पण येणारच होता. "माझ्या वर कार्यालय आहे. ते नकाशा बघतं. मी सकाळपासून समुद्र शोधतेय. यादी किनारी भागाची आहे. इथे समुद्र असल्याचं सक्षम अधिकाऱ्याचं पत्र लागेल."

"समुद्र नसला तर?"

"मग निदान येणार आहे असं पत्र. चालतं ते. मुंबईत निम्म्या गोष्टी येणार आहेत यावरच उभ्या आहेत."

सगळ्यांनी विजयमालाकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले. तिचं काम संपलं होतं, आणि समुद्र तिच्या कामात येत नव्हता.

सिद्धोधनने खिशातून पेन काढलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला नेमकं काय करायचं ते कळलं होतं. दत्तरावांनी पेपरबरोबर आलेलं खताचं जाहिरातपत्रक पाठकोरं म्हणून दिलं, आणि त्यावर पुढील अर्ज लिहून, व्यंकटीची सही घेऊन, सोमवारी दाखल करण्यात आला.

*

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी,
(समुद्र ज्यांच्या अखत्यारीत येतो ते)

विषय : मौजे पालम, जि. परभणी येथे समुद्रकिनारा मंजूर करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्ज सादर करतो की, मी व आमचे कुटुंब मौजे पालम येथील रहिवासी असून, तालुक्यात नदी, तलाव, कालवा इत्यादी आहे, परंतु समुद्र अद्याप आलेला नाही. त्या अभावी आमचे भोजनगृह पात्र असूनही यादीबाहेर राहत आहे.

सबब, बसस्टँडच्या मागील बाजूस, खताचे दुकान वगळून, भरती-ओहोटीसह किनारा मंजूर व्हावा. पूर्ण समुद्र देणे शक्य नसल्यास तूर्त खाडी दिली तरी चालेल. लाटांची उंची आपल्या नियमाप्रमाणे ठेवावी, आमची हरकत नाही. पाणी खारे असल्याबाबत ग्रामस्थांची तक्रार येणार नाही, याची हमी देतो.

ऊसतोडीच्या गाड्या दसऱ्यानंतर निघतात. माझ्या पत्नीस डॉक्टरांनी वाकण्यास मनाई केली आहे. तरी समुद्र त्यापूर्वी पोहोचेल अशा बेताने सोडण्यात यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
व्यंकटी
(वेटर)